सहा किलो आणि वीतभर अंतर

रद्दीवाल्यानं वर्तमानपत्रांचे गठ्ठे ताणकाट्याला लावून झाल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, जरा हीपण लावा." ऑफिसची मेसेंजर बॅग होती. त्यानं पट्टा आकड्यात अडकवला, काटा थरथरला आणि सहाच्या जरा पुढे जाऊन थांबला. "ही द्यायची का?" त्यानं विचारलं. त्याचं चुकलं नव्हतं. रद्दीचा एक गठ्ठा जेमतेम तेवढाच भरला होता.

नंतर बॅग टेबलावर रिकामी करून हिशेब मांडला. लॅपटॉप दोन किलो, त्याचा चार्जर चारशे ग्रॅम, भरलेली स्टीलची बाटली सव्वा किलो, डबा नऊशे ग्रॅम, छत्री चारशे ग्रॅम. रिकामी बॅगच नऊशे ग्रॅमची. उरलेल्यात किल्ल्या, पॉवर बँक आणि महिनाभर न उघडलेलं एक पुस्तक. रोज सकाळी आणि संध्याकाळी मिळून दीड तास हा ऐवज उजव्या खांद्यावर असतो. संध्याकाळी कंबर धरते ती डाव्या बाजूनं. ओझं उजवीकडे आणि दुखणं डावीकडे, या कोड्यापासून पुढची सगळी शोधाशोध सुरू झाली.

एका खांद्याच्या बॅगेनं पाठ दुखते का, हा प्रश्न विचारला की दोन ठाम उत्तरं मिळतात. एक म्हणतं, ही बॅग टाकून द्या, पाठीवरची सॅक घ्या. दुसरं म्हणतं, आमच्या वडिलांनी तीस वर्षं शबनम पिशवी वापरली, त्यांना काही झालं नाही. दोन्ही बाजूंचे पुरावे तपासले, तर दोन्ही थोडे खरे आणि थोडे अपुरे निघतात.

पडशी, चुंबळ आणि कंडक्टरची पिशवी

ओझं वाहण्याच्या जुन्या रीती पाहिल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ओझं एका अंगाला लटकत ठेवायचं नाही. पडशी आठवा. मध्ये खांद्यावर बसणारी कापडी पट्टी आणि दोन टोकांना दोन तोंडं, एक छातीवर, एक पाठीवर. पुढचं ओझं मागच्याला तोलतं. कावडीत हाच तोल खांद्यावरच्या आडव्या दांडीनं साधतो. शिखर शिंगणापूरच्या यात्रेत मुंगी घाटाची चढण कावडी घेऊन चढतात, ती या तोलाच्या भरवशावर. डोक्यावर हंडा घेणारी बाई आधी फडक्याची चुंबळ करते. चुंबळीमुळे हंडा टोचत नाही, आणि ओझं नेमकं मानेच्या आणि कण्याच्या रेषेत उभं राहतं.

या जुन्या शहाणपणाची मोजदाद प्रयोगशाळेतही झाली आहे. दत्त आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ मध्ये ओझं वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. डोक्यावर, पाठीवर, कपाळपट्ट्यानं, कावडीनं, हातात अशा त्या पद्धती. सर्वांत कमी दमवणारी ठरली ती पुढे आणि मागे सारखं ओझं विभागणारी पद्धत, म्हणजे तत्त्वानं आपली पडशीच. सर्वांत महाग पडलं ते हातात धरून नेणं. १९८६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा अभ्यास आला. स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं वाहताना त्यांना रिकाम्यानं चालण्यापेक्षा जास्त ऊर्जा लागत नव्हती. नेपाळी हमालांवरचा अभ्यास २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. ते पुरुष सरासरी आपल्या वजनाच्या ९३ टक्के ओझं कपाळपट्ट्यानं, म्हणजे नाम्लोनं, डोंगरवाटांवर नेत होते.

याचा अर्थ डोक्यावर ओझं घ्यावं असा नाही. वर्षानुवर्षांच्या डोईओझ्यानं मानेचे मणके झिजतात, हेही तितकंच खरं आहे. मुद्दा एवढाच की शरीर वजनाला जेवढं भीत नाही, तेवढं कलण्याला भितं.

एका खांद्याची पिशवी आपल्याकडेही होतीच. पोस्टमनची खाकी थैली, एसटीच्या कंडक्टरची चामडी पिशवी, चळवळीतल्या कार्यकर्त्यांची आणि पत्रकारांची शबनम. मग तेव्हा तक्रार का नव्हती? एक तर ती असणारच, फक्त कुणी लिहून ठेवत नव्हतं. दुसरं, या पिशव्यांची जात वेगळी. शबनममध्ये एक वही, दोन पुस्तकं आणि एक टॉवेल. पोस्टमनची थैली दारोदार हलकी होत जाते. कंडक्टरची पिशवी सुट्ट्या नाण्यांनी जड व्हायची खरी, पण ती पोटापुढे ओढलेली असायची, कारण हात सतत तिच्यात. आपली बॅग सकाळी जेवढी जड, संध्याकाळी डबा रिकामा झाला तरी जवळपास तेवढीच.

बॅग आली, रीत आली नाही

मेसेंजर बॅगचा जन्म सायकलवरून निरोप आणि कागदपत्रं पोचवणाऱ्यांच्या धंद्यातला. न्यूयॉर्कच्या ग्लोब कॅनव्हास या कारखान्यात खांबावर चढणाऱ्या टेलिफोन लाइनमनसाठी कॅनव्हासच्या भक्कम थैल्या शिवल्या जात. त्या थैल्या १९७० च्या दशकात मॅनहॅटनमधल्या सायकलस्वार निरोप्यांनी उचलल्या. पुढे १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या टिंबकटू या कंपनीनं आणि तिच्यासारख्या इतरांनी ती बॅग दुकानांत आणली. तिथून ती कॉलेजांत गेली, मग लॅपटॉपसाठी आत अस्तर लागलं आणि ती ऑफिसांत शिरली. आपल्याकडे हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात पडणारी लॅपटॉप बॅग ही तिचीच चुलत बहीण.

तो निरोप्या ही बॅग कशी घालायचा, ते समजून घेतलं की अर्धा प्रश्न सुटतो. सायकलवर तो पुढे वाकलेला असे. पाठ जवळपास आडवी, त्यामुळे बॅग खांद्यावरून लटकत नसे, पाठीवर निजलेली असे. पट्टा छातीवरून घट्ट आवळलेला, बॅग वर, खांद्याच्या पात्यांजवळ. तिचं वजन पाठ पेलायची आणि पट्टा तिला फक्त जागेवर धरून ठेवायचा. बॅग फिरून पोटाशी येऊ नये म्हणून बगलेखालून जाणारा दुसरा बारीक पट्टाही असे. पाकीट काढायचं झालं की एका हातानं बक्कल सैल करायचं, बॅग पुढे ओढायची, काम झालं की पुन्हा पाठीवर फेकून आवळायचं. दिवसातून कितीतरी वेळा हे चाले. त्या घाईसाठीच एक पट्टा. दोन पट्ट्यांची सॅक प्रत्येक दारात उतरवत बसायला त्याला वेळ नव्हता.

आपण ती बॅग घेतली, रीत मागेच ठेवली. आपण ताठ उभे, पट्टा सैल, बॅग मांडीवर आपटत लटकलेली. बगलेखालचा बारीक पट्टा बहुतेक ऑफिस बॅगांना आता नसतोच. जी वस्तू पाठीवर निजायला बनली, तिला आपण एका कुशीला टांगलं.

वीत आणि तीन बोटं

आता ते डाव्या बाजूचं कोडं. उजव्या कुशीला लटकलेल्या बॅगेचं वजन कण्याच्या मध्यापासून साधारण वीतभर, म्हणजे वीस सेंटिमीटर दूर असतं. ते शरीराला उजवीकडे वाकवू पाहतं. पडू नये म्हणून डाव्या बाजूचे कमरेचे स्नायू ओढून धरतात. पण ते स्नायू कण्याच्या अगदी लगत, तीन बोटांवर. सोयीसाठी सहा सेंटिमीटर धरू. तराजूचाच हिशेब आहे. सहा किलो गुणिले वीस भागिले सहा, म्हणजे वीस किलोची ओढ. कण्यावर बॅगेचे सहा अधिक स्नायूंचे वीस, असे सव्वीस किलो येतात. प्रत्यक्षात पोटाचे तिरपे स्नायूही मदतीला येतात आणि आकडा माणसागणिक बदलतो. पण प्रमाण लक्षात येतं, आणि काम न दिलेली डावी बाजू का दुखते तेही. खरं काम तिलाच होतं.

लोकांना वाटतं, पट्टा आडवा, म्हणजे डोक्यातून घालून विरुद्ध खांद्यावर घेतला की प्रश्न मिटला. अर्धाच मिटतो. एकाच बाजूच्या खांद्यावर टाकलेला पट्टा घसरू पाहतो. तो घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा कानाकडे उचलून धरतो, आणि मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू दिवसभर आवळलेला राहतो. साडीच्या पदरावरून किंवा गुळगुळीत ओढणीवरून घसरणारी पर्स सांभाळणाऱ्या बायकांचा खांदा का भरून येतो, ते यातून कळतं. पट्टा आडवा घेतल्यावर ही धडपड संपते. हा फायदा खरा आहे. पण बॅग कुशीलाच लटकत राहिली तर कण्यापासूनची वीत तेवढीच राहते. पट्टा कुठल्या खांद्यावर आहे हे कंबर फारसं विचारत नाही, बॅग कुठे आहे ते विचारते.

बॅग ओढून पाठीच्या मध्यावर आणली की डावं-उजवं वाकवणं जवळजवळ नाहीसं होतं. उरतं ते मागे ओढणं. त्याला शरीर किंचित पुढे झुकून तोलतं. चालताना आपण पुढेच जात असतो, त्यामुळे तेवढं झुकणं कुशीला कलण्यापेक्षा सोपं जातं.

खांद्याचं गणित वेगळं, ते दाबाचं. तेच वजन अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्याऐवजी पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यावर आलं की दाब निम्मा होतो. गळ्याच्या हाडाजवळून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं तिथूनच जातं. जड सॅक वाहणाऱ्या सैनिकांमध्ये या नसा दबून हात कमजोर पडण्याचा प्रकार डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. ऑफिसच्या बॅगेनं एवढी मजल सहसा जात नाही, पण बोटांना मुंग्या आल्या तर ती सूचना समजावी.

पुरावा काय म्हणतो

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं. अडचण पुढे आहे. यंत्रशास्त्रानं ताण पडतो हे दाखवता येतं, त्या ताणातून दुखणं जडतं हे दाखवणं अवघड.

ताणाच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. १९९७ मध्ये पॅस्को आणि सहकाऱ्यांनी अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांची चाल तपासली. एका पट्ट्याच्या दप्तरानं खांदा उचलला जातो आणि कणा बाजूला वाकतो, दोन्ही पट्टे घेतले की हे बरंच कमी होतं, असं त्यांना आढळलं. मोठ्यांबद्दल १९८३ चा अमेरिकी टपालवाल्यांचा अभ्यास बोलका आहे. त्यात टपाल वाटणारे, मीटर वाचणारे आणि टपाल कचेरीतले कारकून अशा तिघांची तुलना होती. पहिले चालतात आणि ओझं वाहतात, दुसरे नुसते चालतात, तिसरे दोन्ही करत नाहीत. खांद्याच्या तक्रारी पहिल्यांत ठळकपणे जास्त निघाल्या. ज्यांच्या थैलीची मर्यादा पंचवीस पौंडांवरून पस्तीस पौंडांवर, म्हणजे सुमारे अकरा किलोंवरून सोळा किलोंवर नेली गेली होती, त्यांच्यात आणखी जास्त.

दुसऱ्या पारड्यात २०१८ चा आढावा आहे. दप्तरामुळे मुलांची पाठ दुखते का, यावरचे ६९ अभ्यास आणि ७२ हजारांहून अधिक मुलं त्यात आली. दप्तराचं वजन, घडण किंवा वाहण्याची पद्धत यांनी पाठदुखीचा धोका वाढतो, असा खात्रीलायक पुरावा त्यातून निघाला नाही. मात्र ज्या मुलांना दप्तर जड *वाटत होतं*, त्यांच्या तक्रारीशी काही संबंध दिसला. काट्यावरचं वजन आणि अंगाला जाणवणारं वजन एक नसतं. झोप अपुरी, हालचाल कमी, मन थकलेलं असेल तर पाच किलोही दहा वाटतात.

आणखी एक भीती इथेच दूर करायला हवी. एका खांद्यावर बॅग घेतल्यानं मुलांचा कणा कायमचा वाकडा होतो, असं अनेक घरांत सांगतात. बॅग असताना कणा वाकतो, उतरवली की सरळ होतो. वाढत्या वयात कणा वळत जाण्याचा जो आजार आहे, तो दप्तरानं होत नाही.

दोन्ही पारडी एकत्र पाहिली तर निष्कर्ष असा निघतो. हलकी बॅग, थोडा वेळ, धडधाकट शरीर असेल तर एक खांदा चालतो. वजन आणि तास वाढले की खांदा आणि मान आधी बोलतात, कंबर नंतर. आणि ज्याची पाठ आधीच नाजूक झाली आहे त्याच्यासाठी बॅग हे मूळ कारण नसेलही, पण रोज ठिणगी टाकणारं निमित्त असू शकतं.

दहा टक्के

किती वजन चालेल? सगळीकडे ऐकू येणारा आकडा शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांचा. तो आला मुलांच्या दप्तरांवरून. आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात दप्तराच्या ओझ्याचाच विषय काढला. १९९३ मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला. महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये दहा टक्क्यांची मर्यादा ठरवली. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात तोच आकडा आला, दहावीपर्यंतच्या मोठ्या मुलांनाही साडेचार किलोंच्या वर नाही, आणि दप्तराला दोन पट्टे हवेत, असंही सांगितलं गेलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दहा ते वीस टक्के म्हणते. म्हणजे हा आकडा निसर्गनियम नाही, व्यवहारासाठी आखलेली रेघ आहे.

मोठ्यांनी ती रेघ दोन पट्ट्यांच्या सॅकेसाठी धरावी. एका खांद्याला त्याच्या निम्मं धरणं शहाणपणाचं, हे माझं मत. साठ किलोच्या माणसाला तीन किलो. रिकामी बॅग आणि लॅपटॉप त्यात जेमतेम बसतात, पाणी आणि डबा बसत नाहीत.

मग करायचं काय

क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपण नेमकं उलट्या क्रमानं जातो. आधी महागडी बॅग घेतो, मग कमरेचा पट्टा, मग मालिश, आणि बॅगेतलं सामान तसंच.

पहिलं, वजन. ऑफिसात पिण्याचं पाणी असेल तर बाटली रिकामी न्यावी. एक किलो तिथेच उतरतो. दुसरा चार्जर टेबलाच्या खणात ठेवावा. डबा आणि बाटली न्यायचीच असेल तर वेगळ्या हातपिशवीत, बॅगेच्या विरुद्ध हातात घ्यावी. दत्त-रामनाथन यांच्या यादीत हात शेवटी होता खरा, पण इथे ती पिशवी पासंगाचं काम करते. पडशीचा हा शहरी अवतार.

दुसरं, अंतर. पट्टा आडवा घ्यावा आणि इतका आखूड करावा की बॅगेचा तळ कमरेच्या हाडाच्या खाली जाणार नाही. मग बॅग मागे ढकलून पाठीच्या खालच्या मध्यावर बसवावी. उंची कमी असलेल्यांनी हे मुद्दाम आरशात पाहावं, कारण कंपनीचा पट्टा उंच माणसाच्या मापाचा असतो आणि आखूड करूनही बॅग मांडीवर येते. तेव्हा पट्ट्याला आणखी एक भोक पाडून घ्यावं. चर्मकार पाच मिनिटांत करून देतो. आत जड वस्तू पाठीला चिकटून, म्हणजे लॅपटॉप मागच्या कप्प्यात. छत्री, कागद बाहेरच्या बाजूला.

तिसरं, बदल. खांदा रोज बदलावा. सकाळी उजवा, परतताना डावा. सुरुवातीला परका खांदा अवघडतो, दोनेक आठवड्यांत सरावतो. लोकलमध्ये गर्दीत बॅग पुढे, छातीशी घ्यावी, नाहीतर मागच्याचा धक्का बॅगेतून कण्याला बसतो आणि शिव्याही बसतात. जागा मिळाली की बॅग रॅकवर. वीस मिनिटं खांदा मोकळा राहणं हा सगळ्यांत स्वस्त उपचार. स्कूटरवर आडवी बॅग वाऱ्यानं आणि वळणावर फिरते. तिथे ती मागे आवळून घ्यावी किंवा पायापाशी ठेवावी.

आणि दूरचं चालणं, चार किलोंच्या वर वजन, रोजचा तासाहून जास्त वेळ, यांतली दोन एकत्र आली तर मेसेंजर बॅगेचा हट्ट सोडून दोन पट्ट्यांची सॅक घ्यावी. तीही एका खांद्यावर लटकवायची नाही, हे सांगायला नको, पण स्टेशनवर पाहिलं की सांगावंसं वाटतं.

विकतच्या उपायांबद्दल थोडक्यात. रुंद, जाड गादीचा पट्टा उपयोगी, कारण तो दाब वाटून देतो. पण वजन कमी करत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर आणखी सामान भरलं जातं. कमरेच्या पट्ट्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शनात स्पष्ट सांगितलं आहे की जुनाट कंबरदुखीसाठी तो नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये. त्याच मार्गदर्शनात व्यायामाची शिफारस आहे. याच संघटनेनं दिलेल्या आकड्यानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. एवढ्या लोकांचं दुखणं बॅगेच्या एका पट्ट्यावर ढकलणं बरोबर नाही. दिवसाचे आठ तास खुर्चीत बसणारी कंबर बॅगेच्या दीड तासासाठी तयारच नसते.

दुखणं पायात गुडघ्याखाली उतरत असेल, हाताला किंवा पायाला बधिरपणा असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल तर बॅगेचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी.

पोतं लहान करा

सहा किलोंची एवढी चर्चा करताना थोडी लाज वाटते. ज्या राज्यात माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांसाठी १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तिथे ही तक्रार कुठे सांगायची? पण हमालांच्या लढ्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी क्विंटलभराचं पोतं नीट कसं उचलावं याचं शिबिर मागितलं नाही. पोतंच पन्नास किलोंचं करा म्हणाले. ओझ्याखाली आयुष्य काढलेल्या माणसांचा हा निर्णय होता.

पुढच्या महिन्यात रद्दीवाला आला तेव्हा मी बॅग पुन्हा ताणकाट्याला लावली. तीन किलो शंभर. पुस्तक त्यानं रद्दीत नेलं नाही, ते मी शेवटी घरी बसून वाचलं. बॅग हातात घेऊन त्यानं वर-खाली तोलली आणि म्हणाला, "हलकी केलीत. आता नाही ना द्यायची?"